मांडीवरचा प्रवासी : रमाबाईंच्या आगबोटीपासून रायपूरच्या विमानतळापर्यंत

आजचा विषय तसा घरगुती आहे, पण त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. लहान मूल घेऊन लांबचा प्रवास.

आपल्या भिलाईतल्या कितीतरी घरांत हे दृश्य दरवर्षी दिसतं. मुलगी किंवा सून कॅलिफोर्नियाहून येते, महिनाभर राहते आणि दीड वर्षाचं बाळ घेऊन परत निघते. भिलाईहून गाडीने रायपूर, रायपूरहून दिल्ली, आणि दिल्लीहून पंधरा-सोळा तासांचं थेट विमान. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा २०१५ साली सुरू केली, त्यामुळे मधला मुक्काम वाचला. या सगळ्या प्रवासात बाळाच्या नावाचं तिकीट असतं, पासपोर्ट असतो, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड असतं. नसते ती फक्त जागा. बाळाची जागा म्हणजे आईची मांडी.

ही मांडी कुठून आली, तिने काय दिलं आणि तिची किंमत कोणी मोजली, हे आज पाहू.

सुरुवात १८८३ पासून करू. त्या वर्षी एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया परदेशी निघाल्या. कलकत्त्याहून निघाल्या आनंदीबाई जोशी. वय अठरा, नवरा सोबत नाही, डॉक्टर व्हायला अमेरिकेला. त्यांचं मूल अवघ्या दहा दिवसांचं होऊन गेलं होतं, आणि वैद्यकाची ओढ त्या दुःखातूनच आली होती. मुंबईहून निघाल्या पंडिता रमाबाई. वय पंचवीसच्या आसपास, वर्षभरापूर्वी वैधव्य आलेलं. ‘स्त्रीधर्मनीती’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चाला कामी आला. सोबत मुलगी मनोरमा. १६ एप्रिल १८८१ चा तिचा जन्म, म्हणजे नुकतीच दोन वर्षांची झालेली.

आता विचार करा. सुएझ कालवा १८६९ साली उघडला होता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालण्याचे महिने वाचले होते. तरीही मुंबईहून इंग्लंड म्हणजे तीन-चार आठवडे. आगबोट लागली की मोठी माणसं आडवी होत, तर मुलांचं काय सांगावं? ताजं दूध दिवसेंदिवस टिकवण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. डब्यातलं आटवलेलं दूध हाच मोठा आधार. वाटेत मुलाला गोवर किंवा अतिसार झाला, तर समोर अथांग पाणी आणि बोटीवरचा एक डॉक्टर.

पण त्या प्रवासात दोन गोष्टी अशा होत्या, ज्या आजच्या आईला मिळत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे सोबत. रमाबाई एकट्या नव्हत्या. आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण बरोबर होती. आईचे दोन हात आणि मावशीचे दोन हात. मूल एकीकडे झोपलं तर दुसरीला अंघोळ करता येते, जेवता येतं, डोळा लागतो. आपल्याकडे पूर्वी मूल घेऊन एकटीने प्रवास करायचा, ही कल्पनाच नव्हती. कोणी ना कोणी पोचवायला येई.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. मुंबई आणि लंडन यांच्या घड्याळांत सुमारे पाच तासांचं अंतर. ते तीन-चार आठवड्यांत पार करायचं म्हणजे दिवसाला साधारण दहा-पंधरा मिनिटं. मुलाच्या झोपेला आणि भुकेला ते कळतही नसे. आज भिलाई आणि कॅलिफोर्निया यांच्यात साडेबारा ते साडेतेरा तासांचा फरक आहे, आणि तो एका दिवसात ओलांडायचा असतो. बाळाची रात्र तिकडचा दिवस होते. मग पुढचा आठवडाभर पहाटे दोन वाजता बाळ टक्क जागं असतं, आणि सकाळी आईला कामावर जायचं असतं. आगबोटीने त्रास महिनाभर पसरून दिला होता. विमानाने तो दाबून एका दिवसात बसवला.

रमाबाईंची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशींना पदवी मिळणार म्हणून रमाबाई अमेरिकेला गेल्या. मनोरमा सोबत होती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. पुढे अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरायचं ठरलं, आणि काही महिन्यांनी मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. पाच वर्षांची मुलगी समुद्राच्या एका काठावर, आई दुसऱ्या काठावर. लांबच्या प्रवासात मुलाला नेणं जितकं अवघड, तितकंच न नेणंही अवघड. हा पेच आजही कितीतरी घरांत आहे. कोणी मूल आजी-आजोबांकडे ठेवून जातं, तर कोणी आजी-आजोबांनाच तिकडे बोलावून घेतं.

आता आपल्या भिलाईकडे येऊ. छत्तीसगडचं आणि मराठी माणसाचं नातं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं. पुढे मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात हा सगळा मुलूख एकत्र, राजधानी नागपूर. १९५६ पर्यंत दुर्गचं सरकारी काम नागपुराशी जोडलेलं होतं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. या चार वर्षांत भाताच्या शेतांच्या जागी एक शहर उभं राहिलं. नागपूर-वर्ध्याहून मराठी कुटुंबं आली, केरळ-आंध्र-बंगालमधून लोक आले, आणि मॉस्को-युक्रेनकडून सोव्हिएत तज्ज्ञ आले. त्यांच्यापैकी अनेकांची बायकामुलंही आली. १९५८ साली दिल्ली–मॉस्को विमानसेवा सुरू झाली होती, पण दिल्लीपासून भिलाईपर्यंतचं अंतर उरतंच. बर्फातल्या गावातून निघालेलं मूल आपल्या मे महिन्याच्या उन्हात उतरायचं.

आपल्या लोकांचा लांबचा प्रवास म्हणजे मुंबई–हावडा मार्गावरची गाडी. त्या डब्यात आपल्या बायकांनी एक सोय शोधून काढली होती. जुनी नऊवारी किंवा सुती साडी वरच्या बर्थच्या दोन साखळ्यांना बांधायची आणि झोळी करायची. गाडीच्या हेलकाव्यानेच बाळ झोपतं, आणि आईची मांडी मोकळी होते. डब्यातली अनोळखी आजी अधूनमधून झोका देते. रेल्वेच्या हिशेबात पाच वर्षांखालचं मूल फुकट, पण त्याला स्वतंत्र बर्थ नाही. म्हणजे तिथेही मांडीच. मे २०२२ मध्ये रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला छोटा ‘बेबी बर्थ’ करून पाहिला. झोळी बांधणाऱ्या आयांना जे कळलं होतं, ते यंत्रणेच्या ध्यानात यायला इतकी वर्षं लागली.

आता विमान. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. १९६० साली बोईंग ७०७ जेट आलं आणि प्रवास तासांवर आला. पन्नासच्या दशकात ब्रिटनच्या बीओएसीसारख्या कंपन्यांनी सामानाच्या फळीला टांगायचा पाळणा देऊ केला. आपली झोळीच म्हणा ना! पुढे तो समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा झाला. पण त्याला वजनाची मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी दहा-अकरा किलोंच्या आसपास. जागा मोजक्या असतात. आणि पट्टा बांधायचा दिवा लागला की झोपलेलं बाळ उचलून परत मांडीवर घ्यावं लागतं.

कानांचंही सांगतो. विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तशी ठेवलेली असते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाच्या आतला दाब मागे राहतो. घसा आणि कान जोडणारी नळी गिळताना उघडते, म्हणून उतरताना बाळाला अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी. बाळ रडतं ते हट्टाने नाही, कान दुखतो म्हणून. शेजारच्या सीटवर बसून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आता मुख्य मुद्द्याकडे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात दोन वर्षांखालच्या मुलाला बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास भाडं लागतं, आणि त्या भाड्यात सीट नसते. प्रवासाच्या मधेच दुसरा वाढदिवस आला, तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. १८८३ ची मनोरमा आज निघाली असती, तर तिला स्वतःची सीट मिळाली असती!

दोन वर्षांची ही रेघ सोयीची आहे, सुरक्षिततेची नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या विमानाची नियंत्रणयंत्रणा निकामी झाली. विमानात २९६ माणसं होती, आणि चार बाळं मांडीवर. मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी त्या वेळच्या शिकवणीप्रमाणे पालकांना सांगितलं, बाळाला पायांपाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान कोसळलं. ११२ माणसं गेली. चारपैकी एक बाळ वाचलं नाही. ब्राउन वाचल्या, आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बाळाला स्वतःची, पट्ट्याची सीट मिळावी म्हणून झगडल्या.

अशा वेळी आईने कितीही घट्ट धरलं तरी हात पुरत नाहीत. वेग एकदम तुटला की दहा किलोचं बाळ हातांना कित्येक पटींनी जड होतं. प्रेमाची ताकद तिथे कमी पडते. युरोपातल्या विमानांत आईच्या पट्ट्याला अडकवायचा छोटा पट्टा बाळाला देतात. अमेरिकेच्या नियमांत तो चालत नाही, कारण धक्क्याच्या वेळी आईचं अंगच बाळावर दाबलं जातं. दोन्हीकडचे तज्ज्ञ एका गोष्टीवर मात्र सहमत आहेत: स्वतंत्र सीट आणि तिच्यावर बाळाची खुर्ची, हे सगळ्यांत सुरक्षित.

मग सक्ती का नाही? अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने १९९० पासून ती मागितली. तिथल्या विमान प्रशासनाने २००५ साली नकार कायम ठेवला, आणि त्यांचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणाले, सीट विकत घ्यावी लागली तर काही कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त मुलं मरतात.

हा युक्तिवाद ऐकून मला आपला रस्ता आठवतो. भिलाई ते रायपूर विमानतळ. पन्नासएक किलोमीटर, ट्रकांची वर्दळ, पहाटेचं विमान म्हणून रात्री निघालेली गाडी, झोप न झालेला ड्रायव्हर. आणि बाळ कुठे? पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर, कारण निरोप द्यायचा आहे. हजारो मैलांच्या या प्रवासात बाळाला सगळ्यांत जास्त धोका असतो तो या पहिल्या तासात. आकाशातल्या सोळा तासांची काळजी आपण महिनाभर करतो, आणि या तासाची कोणीच करत नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळाची खुर्ची बंधनकारक केली आहे. नाहीतर एक हजार रुपये दंड. कायदा आहे, पण भाड्याच्या गाडीत खुर्ची नसते, आणि आपण मागतही नाही.

एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाशेजारी तरी सीट द्या. चांगलं पाऊल आहे. पण मांडीचा प्रश्न तसाच उरला आहे.

इतिहासातून घ्यायचं ते एवढंच. रमाबाईंकडे होती ती सोबत, आणि डब्यातल्या आयांकडे होती ती झोळी. यातली पहिली म्हणजे दुसरे हात, दुसरी म्हणजे बाळाची स्वतःची जागा. सीट परवडत असेल तर घ्याच. नसेल परवडत, तर निदान मुलगी एकटी निघणार नाही हे पाहा. आणि पुढच्या वेळी रायपूरला पोचवायला जाताना गाडीत बाळाची खुर्ची बसवून घ्या. निरोप विमानतळावर देता येतो. मांडीवर घेऊन लाड करायला तिथे भरपूर वेळ मिळतो.