दुष्काळ, बाजार आणि मदत : ओरिसा (१८६६) ते महाराष्ट्र (१९७२-७३) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दुष्काळ, पूर, भूकंप वा युद्ध यांसारख्या आपत्तीत सापडलेल्या लोकांना मदत धान्याच्या रूपाने द्यावी की पैशाच्या रूपाने, हा प्रश्न आज जागतिक मदतकार्यात महत्त्वाचा मानला जातो. त्याचे उत्तर आपद्ग्रस्त प्रदेशातील स्थानिक बाजाराच्या पाहणीतून शोधावे, असा विचार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सर्वमान्य होत गेला. वस्तुतः हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या दुष्काळांत हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आणि त्याची चुकीची उत्तरे लक्षावधी लोकांच्या प्राणांवर बेतली.

प्रस्तुत लेखात ओरिसा (१८६६), बिहार (१८७३-७४), दख्खन (१८७६-७८), बंगाल (१९४३) आणि महाराष्ट्र (१९७२-७३) या पाच घटनांचा तौलनिक विचार केला आहे. बाजाराविषयीची माहिती शासनाने कशी मिळविली, तिचा अर्थ कसा लावला आणि त्या अर्थावरून मदतीचे स्वरूप कसे ठरले, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे. दुष्काळातील बाजाराला दोन प्रश्न विचारावे लागतात : बाजारात धान्य आहे काय, अथवा ते येऊ शकते काय? आणि ते विकत घेण्याची ऐपत लोकांपाशी आहे काय? यांपैकी एकच प्रश्न विचारून काढलेला निष्कर्ष घातक ठरतो, हे या इतिहासाचे सार आहे.

ओरिसा, १८६६ : पैसा होता, धान्य नव्हते

१८६५ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात पावसाने ओढ दिल्याने ओरिसातील (आजच्या ओडिशातील) भाताचे पीक मोठ्या प्रमाणावर बुडाले. या प्रदेशात रेल्वे नव्हती, रस्ते तुटपुंजे होते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाल्यावर किनाऱ्यावरील बंदरे जहाजांना जवळजवळ बंद होत. बाहेरून धान्य येण्याचा अवधी म्हणजे काही महिनेच होता. स्थानिक अधिकाऱ्यांनी तांदूळ आयात करण्याची परवानगी मागितली. परंतु कलकत्त्याच्या महसूल मंडळाने १८६६ च्या प्रारंभी ती नाकारली. बाजारास अनुकूल असेल तर तांदूळ आपोआप येईल, सरकारी हस्तक्षेपाने अपायच होईल आणि मदतकामावरील मजुरी रोखीनेच द्यावी, अशी मंडळाची भूमिका होती.

ही भूमिका तत्कालीन अर्थशास्त्रीय मतांशी सुसंगत होती. परंतु ती ओरिसाच्या बाजाराची पाहणी करून घेतलेली नव्हती. भाव प्रारंभी फारसे भडकले नाहीत, म्हणून साठा पुरेसा असावा असा तर्क करण्यात आला. प्रत्यक्षात आदल्या वर्षी चढ्या भावामुळे या भागातून तांदूळ बाहेर गेला होता. पुढे मजुरांच्या हाती पैसे पडले, पण त्या पैशांत विकत घ्यायला बाजारात तांदूळच उरला नाही. सरकारने धोरण बदलले तोवर पावसाळा लागला होता आणि समुद्रमार्ग बंद झाला होता. या दुष्काळात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले, असा अंदाज केला जातो. तुटलेल्या बाजारात रोख मदत निरुपयोगी ठरते आणि भाव न चढणे हे विपुलतेचे प्रमाण नव्हे, हे दोन धडे ओरिसाने दिले.

बिहार, १८७३-७४ : अतिदक्षतेची किंमत

ओरिसाच्या अनुभवाने धास्तावलेल्या शासनाने बिहारच्या टंचाईत नेमकी उलट वाट धरली. सर रिचर्ड टेंपल यांच्या देखरेखीखाली ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणण्यात आला. भूकबळी फारच थोडे झाले; मानवी दृष्टीने हे यश असाधारण होते. तथापि सहा कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आणि आणलेल्या धान्यापैकी बराच भाग शिल्लक राहिला. टेंपल यांच्यावर उधळपट्टीची टीका झाली. मूळ दोष दयाबुद्धीत नव्हता; गरज किती आणि खासगी व्यापार त्यातील किती भागवू शकेल, याचा अंदाज चुकला होता. परंतु शासनाने त्यातून काढलेला धडा ‘अंदाज सुधारावा’ असा नव्हता, तर ‘खर्च आवरावा’ असा होता. त्याचे परिणाम तीन वर्षांनी दख्खनला भोगावे लागले.

दख्खन, १८७६-७८ : धान्य होते, पैसा नव्हता

१८७६ च्या अवर्षणाने मुंबई इलाख्यातील सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी आदी जिल्हे होरपळून निघाले; मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे राज्य यांतही हाहाकार उडाला. येथील परिस्थिती ओरिसाहून एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न होती. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे पोहोचली होती आणि १८७१ पर्यंत ती रायचूरला जाऊन भिडली होती. त्यामुळे बाहेरचे धान्य दख्खनच्या पेठांत येऊ शकत होते आणि ते आलेही. व्यापारात हस्तक्षेप न करता सार्वजनिक कामे काढून मजुरी द्यावी, हे मुंबई सरकारचे धोरण म्हणूनच मुळात असंगत नव्हते.

दोष दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जानेवारी १८७७ मध्ये टेंपल यांना दुष्काळी भागांत पाठविले. बिहारच्या टीकेने पोळलेल्या टेंपल यांनी काटकसरीचा आग्रह धरला. प्रौढ पुरुष मजुरास दररोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर एक आणा, असे मजुरीचे मान त्यांनी सुचविले. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचे या मानात भागणे अशक्य आहे, असा आक्षेप मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी घेतला आणि मद्रास सरकारने पुढे दर वाढविला. मुंबई इलाख्यात घटविलेल्या मजुरीच्या निषेधार्थ हजारो मजुरांनी कामे सोडली. पेठेत धान्याची पोती होती; परंतु खडी फोडणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशांत पोटापुरते धान्य येत नव्हते. १८७६-७८ या काळात ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असे मानले जाते.

या प्रसंगी पुण्याच्या सार्वजनिक सभेने केलेले कार्य विशेष उल्लेखनीय आहे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने गणेश वासुदेव जोशी आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने ठिकठिकाणच्या वार्ताहरांकडून पीकपाणी, धान्याचे भाव, गुरांची स्थिती, स्थलांतर आणि मदतकामावरील हालअपेष्टा यांची माहिती मागविली व ती सरकारपुढे ठेवली. सरकारी अहवालांत प्रामुख्याने कामावरील मजुरांची संख्या आणि खर्च यांचा हिशेब असे. सभेच्या माहितीत कुटुंबाचा हिशेब होता. दुष्काळात लोक प्रथम काय विकतात, कोणत्या भावाने विकतात आणि त्या पैशांत त्यांना किती ज्वारी मिळते, हे जाणण्याची दृष्टी तिच्यात दिसते.

येथे तत्कालीन भावपद्धतीचा उल्लेख आवश्यक आहे. धान्याची धारण ‘रुपयाला इतके शेर’ अशी सांगितली जाई. आकडा उतरला म्हणजे महागाई वाढली, असा तिचा अर्थ होई. एका अर्थी ही पद्धत अधिक बोलकी होती, कारण तीत पैशाची क्रयशक्ती थेट धान्याच्या मापात व्यक्त होई.

दुष्काळसंहिता : बाजारपाहणीचे पहिले शास्त्र

सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला आणि १८८३ मध्ये दुष्काळसंहितेचा नमुना मसुदा तयार झाला. त्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता सिद्ध झाल्या. मजुरीचा दर परिसरातील सर्वसामान्य लोकांच्या वापरातील स्वस्त धान्याच्या चालू भावाशी जोडणे, ही या व्यवस्थेतील मध्यवर्ती कल्पना होती. भाव चढला की मजुरी चढावी, यासाठी भावांची नियमित नोंद अपरिहार्य ठरली. १९०१ च्या आयोगाने तर केवळ भावावर न विसंबता इतर पूर्वचिन्हेही पाहण्यास सांगितले : खासगी दानधर्म आटणे, सावकाराने हात आखडणे, धान्यव्यापारातील अस्वाभाविक लगबग, गुन्ह्यांत वाढ, गुराढोरांचे चाऱ्यासाठी अवेळी स्थलांतर आणि माणसांची भटकंती. या यादीत बाजार केवळ भावापुरता नाही. पत, व्यापाराची गती आणि जनावरे यांसह तो समग्र रूपात दिसतो.

संहितेच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतील. व्यापारात हस्तक्षेप टाळण्याचे तत्त्व कायम राहिले. मजुरीचे मान कनिष्ठ पातळीवरच ठेवले गेले. शिवाय ओरिसासारख्या तुटलेल्या बाजारपेठेत काय करावे, हा प्रश्न रेल्वेच्या विस्तारामुळे सुटेल असे गृहीत धरले गेले. तथापि संहितेमुळे रयतेच्या हाती एक लेखी आधार आला. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि प्रतिनिधींमार्फत संहितेतील हक्क शेतकऱ्यांना समजावून दिले, तसेच सोलापूरच्या विणकरांचा प्रश्नही पुढे आणला. विणकराचे उदाहरण अर्थपूर्ण आहे : त्याचे शेत बुडालेले नसते, धान्य महागल्याने लोक कापड घेईनासे होतात आणि त्याचा माग थांबतो. केवळ शेताकडे पाहणाऱ्या यंत्रणेला हा दुष्काळग्रस्त दिसतच नाही.

बंगाल, १९४३ : चिन्हे दिसूनही

बंगालच्या दुष्काळात बाजाराने इशारा दिला नाही, असे म्हणता येणार नाही. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदळाचा घाऊक भाव मे १९४३ मध्ये ३० रुपयांवर गेला. युद्धकालीन चलनवाढ, ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचा खंड, प्रांतांनी एकमेकांवर लादलेली निर्यातबंदी, साठेबाजी आणि धरसोडीचे भावनियंत्रण यांचा तो एकत्रित परिणाम होता. तरीही दुष्काळसंहिता लागू करण्यात आली नाही. ती लागू केल्यास तीनुसार द्यावे लागणारे धान्य सरकारपाशी नव्हते. सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख सांगितली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याच्या दुपटीच्या आसपास जातात.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घटनेचे विश्लेषण करून दाखवून दिले की, एकूण धान्यसाठ्याच्या आकड्यावरून दुष्काळ कळत नाही. शेतमजुराची मजुरी वा मासेमाराचे मासे यांच्या बदल्यात किती तांदूळ मिळतो, हे विनिमयाचे प्रमाण कोसळले की त्या त्या गटावर उपासमार ओढवते. संहितेतील मजुरी आणि धान्यभाव यांच्या सांगडीत हेच तत्त्व बीजरूपाने होते.

महाराष्ट्र, १९७२-७३ : दोन्ही प्रश्नांची उत्तरे

सलग अवर्षणानंतर १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रातील धान्योत्पादन अतिशय घटले. वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळाने पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे प्रचंड प्रमाणावर काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख लोक होते. मजुरी रोखीने मिळे. त्याच वेळी रास्त भावाच्या दुकानांतून धान्य पुरविले जाई. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी या पिढीच्या स्मरणात कायम राहिल्या. ज्याँ द्रेझ यांच्या अभ्यासानुसार, राज्यांतर्गत उत्पादन कोसळूनही बाहेरून धान्य खेचून आणण्याचे काम मुख्यतः लोकांच्या हाती आलेल्या या क्रयशक्तीने केले. आंतरराज्य वाहतुकीवरील निर्बंधांनी त्यात अडथळेच आणले. मोठी मनुष्यहानी टळली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या यशाला एक काळी कड होती. धान्याच्या बाजाराकडे लक्ष होते तितके जनावरांच्या बाजाराकडे नव्हते. कडब्याचा भाव चढत असताना बैलाचा भाव उतरतो, आणि मातीमोल भावाने विकलेली बैलजोडी पाऊस पडल्यावर त्या किमतीत परत मिळत नाही. माणसे वाचली, परंतु अनेक कुटुंबांची शेती उभी करण्याची साधने गेली.

आधुनिक पद्धती आणि जुना अनुभव

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्मा’ या आपत्कालीन बाजारविश्लेषण पद्धतीत आपत्तीपूर्वीची आणि आपत्तीनंतरची बाजारसाखळी यांची तुलना केली जाते. उत्पादक, व्यापारी आणि ग्राहक यांच्यातील कोणता दुवा तुटला, गोदाम, वाहतूक व पत यांची स्थिती काय आणि लोकांच्या गरजेत किती तूट आहे, हे पाहून रोख रक्कम द्यावी, वस्तू द्यावी, की व्यापाऱ्यालाच उभारी द्यावी, हे ठरविले जाते. २०११ च्या सोमालियातील दुष्काळात हवाला व्यापाऱ्यांमार्फत रोख मदत पोहोचविण्यात आली. तेथे अंतर्गत व्यापार चालू आहे की नाही, हाच निर्णायक मुद्दा होता. २०१८ च्या ‘स्फिअर’ मानकांतही बाजाराधारित मदतीला स्थान मिळाले. ओरिसा आणि दख्खन यांच्या अनुभवात जे दोन प्रश्न होते, तेच येथे पद्धतशीर रूपात आले आहेत.

महाराष्ट्रात टंचाई ठरविण्याची दीर्घकाळची कसोटी मात्र पैसेवारीची राहिली. पैसेवारी शेतातील पीक मोजते. बाजार मोजत नाही. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांवर मुख्य भर दिला. हे निर्देशक अधिक शास्त्रीय आहेत, यात शंका नाही. परंतु शेतमजूर, मेंढपाळ आणि कारागीर यांची स्थिती आकाशातून टिपलेल्या चित्रात उमटत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, रोख की धान्य हा सिद्धांताचा प्रश्न नसून स्थळकाळाचा प्रश्न आहे. ओरिसात रोख मजुरी घातक ठरली आणि महाराष्ट्रात तीच तारक ठरली. दुसरा, एकट्या भावाचा आकडा फसवा असतो. तो मजुरी, जनावरांची किंमत आणि सावकाराची पत यांच्याशी ताडून पाहिला तरच अर्थपूर्ण ठरतो. तिसरा, माहिती असणे पुरेसे नाही. बंगालमध्ये चिन्हे दिसत असूनही कृतीची इच्छा आणि तयारी नव्हती. चौथा, शासकीय नोंदींना स्वतंत्र संस्थांच्या निरीक्षणाची जोड आवश्यक आहे, हे सार्वजनिक सभेच्या कार्याने दाखवून दिले. तालुक्याच्या आठवडी बाजारातील धान्य, कडबा, जनावरे आणि मजुरी यांच्या दरांची सातत्याने नोंद ठेवणे हे ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांना सहज शक्य असलेले कार्य आहे. अशी नोंद चांगल्या वर्षांतही ठेवली गेली, तरच वाईट वर्षी बाजारात काय बिघडले ते ओळखता येईल.