केशरोपणाची दुरुस्ती

टक्कल हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे आणि तें झांकण्याची धडपड ही त्याहूनही मोठ्या विनोदाचा. परंतु जुन्या केशरोपणानें ज्याच्या कपाळावर बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके उभे केले, त्याला हंसूं येत नाहीं. टकलाचा दोष निदान निसर्गावर तरी टाकतां येतो! अशा माणसांसाठीं वैद्यकाला आपलेंच काम मोडून पुन्हां करावें लागलें, त्याची ही हकीकत.

आरंभ जपानांत झाला. १९३९ सालीं डॉ. शोजी ओकुदा यांनीं डोक्यावरील व्रणांवर केसांसह त्वचेचे वाटोळे तुकडे बसवून तेथें केस उगविल्याचें प्रसिद्ध केलें. १९४३ सालीं हाजिमे तामुरा यांनीं तर एकदोन केसांचीं अगदीं बारीक रोपें वापरलीं. पण दिवस महायुद्धाचे होते आणि लेख जपानी भाषेंत. पश्चिमेस त्यांची वार्ता लागली नाहीं.

१९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनीं स्वतंत्रपणें हाच मार्ग धरला, तो मात्र नेहमींच्या टकलासाठीं. डोक्याच्या मागील भागाचे केस पुढें लावले तरी आपला टिकाऊ धर्म सोडीत नाहींत, हा त्यांचा सिद्धांत १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. तो खरा होता. चुकलें तें माप. सुमारें ४ मिलिमीटर व्यासाच्या एकेका तुकड्यांत १५-२० केस असत. निसर्ग एका ठिकाणीं १ ते ४ केसच उगवितो. शिवाय टक्कल तेथेंच थांबत नसे. मागचे मूळचे केस गळत आणि पुढील झुपक्यांची ओळ तेवढी उरे. परसू ओसाड पडावें आणि कुंपण मात्र शाबूत राहावें, तशी!

प्रथम या झुपक्यांच्या मधल्या जागा लहान रोपांनीं भरण्याचा उपाय झाला. त्यानें झांकलें जाई, पण मागील केसांचा सांठा मोजकाच. तो पहिल्याच कामांत बराच खर्ची पडलेला. खरी वाट सूक्ष्मदर्शकानें दाखविली. टेक्सासमधील डॉ. बॉबी लिमर यांनीं १९८८ सालापासून त्याखालीं निसर्गाच्याच मापाचीं रोपें कापण्यास प्रारंभ केला. मग जुन्या झुपक्याकडे दोष म्हणून नव्हे, तर ठेव म्हणून पाहतां आलें. झुपक्याचा बराचसा भाग कोरून काढावयाचा, छिद्र शिवून टाकावयाचें, आणि निघालेले केस सूक्ष्मदर्शकाखालीं सुटे करून त्याच बैठकींत योग्य जागीं पुन्हां लावावयाचे. काम पुष्कळदां एका बैठकींत पुरें होत नाहीं. मध्यें कित्येक महिने थांबावें लागतें. फसलेल्या रुग्णाला दुसऱ्यांदा असा धीर धरावयास सांगणें हें मला शस्त्रक्रियेहूनही अवघड वाटतें.

आणि सर्वच कांहीं सुधारतें असें नाहीं. पहिल्या कामांत जे केस मेले, ते गेलेच. डोक्यामागील सांठा संपला असेल तर दाढीचे केस घ्यावे लागतात. मागें राहिलेले पांढरे वाटोळे व्रण बुजविण्यासाठीं त्यांतही केस लावतात. ओकुदांनीं १९३९ सालीं जें काम व्रणांसाठीं आरंभिलें, तेंच आतां केशरोपणाच्या व्रणांवर करावें लागतें.