अंगावरचे सामान : कनवटीपासून चोरखिशापर्यंत

कपड्याला किंवा पिशवीला हाताने खिसा, कप्पा अथवा पट्टा जोडून उपयोगी वस्तू जवळ बाळगण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. धोतराची कनवट, लुगड्याचा ओचा, कमरेला बांधायचा नाण्यांचा कसा, पान-सुपारी-चुन्यासाठी वेगवेगळे कप्पे असलेली चंची आणि नाडी ओढून बंद होणारा बटवा ही तिची परिचित रूपे होत. कोळी बांधवांच्या पारंपरिक सुरक्याला खिसा नव्हता.

अलिबाग तालुक्यातील रेवस हे धरमतर खाडीच्या मुखावरील बंदर. समोर उरणचे करंजा आणि पलीकडे मुंबईचा भाऊचा धक्का. या जलमार्गावर सामान कसे बाळगावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली.

किनाऱ्यावर हातशिलाईचे कौशल्य घरोघरी आढळते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात जाळी दुरुस्त केली जातात. जाळ्याचा नियम कपड्यालाही लागू पडतो : ताण एका टाक्यावर न येता विभागला गेला पाहिजे.

खिसा कसा जोडावा?

सदऱ्याच्या किंवा बंडीच्या आतील बाजूस छातीच्या उंचीवर चोरखिसा शिवावा. जेथे ओझे लोंबणार, तेथे मागून कापडाचे ठिगळ लावावे. कच्चा धावदोरा घालून जागा निश्चित करावी आणि नंतर पक्की टीप मारावी. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर टाके दुहेरी घ्यावेत. खिसा प्रथम तेथेच उसवतो. दोऱ्याला मेण लावल्यास तो सहज सरकतो व गुंतत नाही. खाऱ्या हवेत लोखंडी पिना आणि चेन गंजतात. त्याऐवजी प्लास्टिकचे बटण किंवा नाडी बरी. शिवलेला खिसा पाणी अडवीत नाही, म्हणून मोबाइल व कागदपत्रे आधी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत.

खिशात काय असावे?

नाव व संपर्क क्रमांकाची चिठ्ठी, नित्याची औषधे, थोडे पैसे आणि दोरीने बांधलेली शिट्टी. लाटांच्या आवाजात हाक विरून जाते, शिट्टी दूरवर ऐकू येते. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांतही लाइफ जॅकेटला शिट्टी आवश्यक मानली आहे. जड अवजारे, किल्ल्यांचे जुडगे मात्र पिशवीतच ठेवावेत. सुती कापड भिजल्यावर जड होते. त्यात खिशातील वजनाची भर नको.

येथे टाका नको

लाइफ जॅकेटला स्वतः खिसा वा पट्टा कधीही शिवू नये. सुईने आवरणाला छिद्रे पडतात, हवेने फुगणारे जॅकेट निकामी होते. जादा वजनाने तरंगण्याचा तोलही बिघडू शकतो. पाठीवरची पिशवी लाँचमध्ये चढल्यावर उतरवून ठेवावी. तिचा पट्टा जॅकेटवरून आडवा घेऊ नये. संकटात पिशवी सोडून देता आली पाहिजे. जिवाला आवश्यक ते आधीच चोरखिशात असले, तर ती सोडताना हात अडखळत नाही.