म्हातारपणाचं बिल जपानने कसं वाटून घेतलं?

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी ब्युरोची बाई ठेवायची की वृद्धाश्रम बघायचा, असं विचारायला नातेवाईक येतात. पैशांचा विषय निघतो तो अगदी शेवटी, दारापाशी: "डॉक्टर, अजून थोडे दिवस ॲडमिट ठेवलं तर विम्यात बसेल का?"

जपानमध्ये हेच देशभर झालं होतं. १९७३ साली तिथे सत्तरीपुढच्या लोकांचे उपचार मोफत झाले. हेतू चांगलाच होता. पण वृद्धांची निवासी केंद्रं कमी, तिथला प्रवेश सरकारी चौकशीनंतर, आणि इस्पितळ मात्र फुकट. मग घरी सेवा झेपेनाशी झाली की आजी-आजोबा इस्पितळात जात आणि उपचार संपले तरी महिनोन्महिने तिथेच राहत. त्याला 'सामाजिक भरती' असं नावच पडलं. पडून राहिलेल्या वृद्धाचे स्नायू झिजतात, बेडसोर होतात, न्यूमोनिया गाठतो. म्हणजे ही सोय खर्चिक होतीच, शिवाय प्रकृतीलाही घातक.

१९८३ मध्ये मोफत उपचार थांबले. १९८९ पासून निवासी केंद्रं आणि घरपोच सेवा वाढवायची दहा वर्षांची योजना आली. आणि १९९७ च्या कायद्याने शुश्रूषेचा वेगळा विमा ठरला. तो एप्रिल २००० पासून लागू आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हप्ता भरायचा. योजनेचा निम्मा खर्च हप्त्यांतून, निम्मा करांतून. सेवा घेणाऱ्याने फक्त दहा टक्के द्यायचे. उत्पन्नावर नव्हे, माणूस किती परावलंबी आहे यावर मदत ठरायची. मला हा सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो.

कुटुंबाला रोख पैसे द्यावेत का, यावर बराच वाद झाला. जर्मनीने १९९५ मध्ये तशी सोय ठेवली होती. जपानमधल्या महिला संघटनांनी विरोध केला. पैसे हातात पडले की सून घरातच अडकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! तिथे रोख रकमेऐवजी सेवाच मिळते.

पुढे पैसे पुरेनात. २००५ पासून केंद्रातल्या खोलीचं भाडं आणि जेवण राहणाऱ्यांच्या माथी आलं, कमी उत्पन्नवाल्यांना सवलत ठेवून. २०१५ पासून सार्वजनिक शुश्रूषागृहात नवा प्रवेश साधारणपणे पाचपैकी तिसऱ्या किंवा वरच्या पातळीच्या परावलंबी वृद्धांनाच मिळतो. जास्त उत्पन्न असलेल्यांना दहाऐवजी वीस, काहींना तीस टक्के भरावे लागतात. पासष्टीपुढच्यांचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, २०२४ पासून तो ६,२२५ झाला आहे.

आपल्याकडे २००७ च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद आहे, आणि सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं. ते कार्ड इस्पितळातल्या उपचारांसाठी चालतं. वृद्धाश्रमाच्या महिन्याच्या बिलासाठी किंवा ब्युरोच्या बाईच्या पगारासाठी नाही. त्यामुळे दारापाशी विचारलेल्या त्या प्रश्नाला मला अजून 'नाही' असंच उत्तर द्यावं लागतं.