नैराश्यग्रस्त कुमारांमधील आत्महत्येचा धोका

नैराश्य असलेली बहुतेक मुलेमुली आत्महत्येचा प्रयत्न करत नाहीत, काही करतात. हा फरक कशाने पडतो, हा कुमारवयीन मानसोपचारातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

या वयातले नैराश्य नेहमी उदास चेहऱ्याने येत नाही. चिडचिड, बिघडलेली झोप, अभ्यासातून उडालेले मन यांकडे घरचे ‘वयच आहे, चालायचं’ म्हणून पाहतात आणि आजार लांबतो. आधी झालेला प्रयत्न हा धोक्याचा सर्वांत ठळक संकेत. मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करून घेणे हेही ‘नाटक’ नव्हे: औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यावरील ‘टोर्डिया’ या अमेरिकी अभ्यासात अशी इजा केलेल्या मुलांमध्ये पुढे प्रयत्नांचे प्रमाण अधिक आढळले. काहीच बदलणार नाही ही भावना, व्यसन, अत्याचार, शाळेतला छळ, घरातली भांडणे, कुटुंबातील आत्महत्या यांनीही धोका वाढतो.

मात्र विचार मनात येणे आणि कृती होणे यांमागची कारणे तंतोतंत एक नसतात. नैराश्याचा संबंध प्रामुख्याने विचाराशी. कृतीकडे वळताना तीव्र अस्वस्थता, नशा आणि घातक साधन हाताशी असणे यांचा वाटा मोठा. म्हणून घरातून अशी साधने दूर करणे हा उपचाराचाच भाग ठरतो. ‘नापास झाल्याने आत्महत्या’ हे मथळे निमित्तालाच कारण ठरवतात.

तरीही या घटकांची बेरीज करून एखाद्या मुलाचे भाकीत करता येत नाही. पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांच्या २०१७ मधील आढाव्यात असे भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे निघाले. मग उरतो सरळ प्रश्न : ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने विचार रुजतो, ही भीती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील अभ्यासात (२००५) प्रश्नाने त्रास वाढला नाही. नैराश्यग्रस्तांचा तर कमी दिसला.

नैराश्यरोधक औषधांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये ठळक इशारा दिला. चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २ टक्के होते. मृत्यू एकही नव्हता. त्यामुळे सुरुवातीचे आठवडे बारीक लक्ष ठेवतात. औषध परस्पर बंद करणे धोक्याचे.

भारतात ‘टेली-मानस’ (१४४१६) ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.