काडी ओढणारा नाईक

वणवा म्हटला की मला आमच्या गावामागचा डोंगर आठवतो. चैत्रात रात्री अंगणात बाजा टाकल्या की डोंगराच्या कडेकडेने लाल माळ सरकताना दिसायची. आम्हां मुलांना ती शोभाच वाटे. आजोबा मात्र बजावत, वणवा दिसला तर डोंगर चढू नका. का, ते मला फार पुढे, अमेरिकेतल्या एका दुर्घटनेची हकिकत वाचताना कळले.

५ ऑगस्ट १९४९. मोंटाना राज्यातली मान गल्च नावाची घळ. खाली मिझुरी नदी. विजेमुळे लागलेली आग विझवायला तिथे विमानातून पंधरा जवान पॅराशूटने उतरले. आग लहान असतानाच तिच्यावर झडप घालायची, यासाठी तिथल्या वनखात्याने १९४० पासून अशी पथके ठेवली होती. बहुतेक मुले विशीच्या आगेमागे. आधीपासून तिथे आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. रेडिओसंचाचे पॅराशूट मात्र उघडलेच नाही आणि संचाचा चुराडा झाला.

पथकाचा नाईक वॅग डॉज. आग समोरच्या उतारावर होती, म्हणून नदी पाठीशी राहावी या बेताने तो मुलांना घळीतून खाली नेत होता. पावणेसहाच्या सुमारास त्याला दिसले, की आगीने घळ ओलांडली आहे आणि ती नदी व आपण यांच्या मध्येच येऊन उभी आहे. सगळे मागे फिरले, म्हणजे चढणीला लागले. चढणीवर ज्वाला वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापवून ठेवते, म्हणून आग पळत वर येते. माणसाला मात्र चढणच मंदावते. त्यात पाठीवर ओझी, हातात कुदळी-करवती. डॉजने अवजारे टाकून द्यायला सांगितले. आणि मग त्याने जे केले, ते पाहून मुलांना वाटले असणार, की याचे डोके फिरले. त्याने काडी ओढली आणि पुढ्यातले गवत पेटवून दिले.

जळून गेलेल्या जागी मोठ्या आगीला खायला काही उरणार नाही, हा त्याचा हिशेब. या राखेत या, असे तो हातवारे करून सांगत राहिला. कोणी थांबले नाही. तोंडावर ओला रुमाल धरून तो एकटाच राखेत पालथा पडला. आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि तो उठून उभा राहिला. दोन मुले कड्यातल्या एका फटीतून माथ्यापलीकडे निसटली. बाकी तेरा गेले. त्यांतले दोघे दुसऱ्या दिवशी इस्पितळात.

डॉजच्या आगीनेच आमची मुले मेली, असा आरोप पुढे झाला. चौकशीने त्याला निर्दोष ठरवले, पण बोल लागायचा तो लागलाच. १९५५ मध्ये तो आजाराने वारला. मला विचाराल, तर दोष त्या काडीचा नव्हता. गवताळ मैदानांतल्या मूळ रहिवाशांना ही युक्ती जुन्या काळापासून ठाऊक होती. वनखात्याच्या शिक्षणात मात्र ती नव्हती. जी गोष्ट आयुष्यात कधी ऐकलेली नाही, ती धावता धावता, अर्ध्या मिनिटात कोणाला पटणार?

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियात इनाहा इथल्या वणव्यात अकरा जण गेले, तेव्हा खाते हलले. जुन्या जीवघेण्या वणव्यांचा अभ्यास होऊन १९५७ मध्ये लष्करी धर्तीच्या दहा आज्ञा निघाल्या: हवामानावर नजर ठेवा, सुटकेची वाट आधी ठरवा, टेहळणीला माणूस ठेवा, अशा. पुढे अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेला, अंगावर ओढून घ्यायचा छोटा तंबूही प्रत्येकाला सक्तीचा झाला.

तरीही ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर चौदा जण गेले. पुन्हा चढण, पुन्हा खालून आलेली आग. काहींच्या अंगावर ओझी आणि अवजारे तशीच होती. एकाची तर करवत. कामाचे हत्यार हातातून सोडणे पळणाऱ्यालाही सुचत नाही, यावर पुढे कार्ल वाइक या अभ्यासकाने खूप लिहिले. २०१३ मध्ये अॅरिझोनात यार्नेल हिल इथे एकोणीस जण सापडले. तंबू त्यांनी उघडले होते.

मान गल्चच्या उतारावर, जो जिथे पडला तिथे, तेरा क्रूस उभे केले गेले. त्यांतला एक तरुण ज्यू होता, हे ध्यानात घेऊन त्याच्या जागी पुढे ताऱ्याची खूण बसवली. माथा तिथून दिसतो.