कपाट उघडणारा माणूस

आज एका चिमणीची गोष्ट. खरं तर शाळा सुटल्यावरच्या निसर्ग क्लबची गोष्ट, पण ती चिमणीपासून सुरू होते.

साल १९०८. मुंबईतला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा. आईवडील तो अगदी लहान असतानाच गेलेले. खेतवाडीत मामांकडे वाढतोय. हातात छर्र्याची बंदूक, आणि चिमण्या पाडणं हा आवडता उद्योग. एक दिवस पडलेली चिमणी उचलून बघतो, तर गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. त्याने मामांना विचारलं, ही कुठली? मामांना शिकारीची आवड होती, पण त्यांनाही सांगता येईना.

आता इथे गोष्ट संपू शकली असती. "जाऊ दे, असेल काहीतरी," एवढं म्हटलं की झालं. पण मामा, अमीरुद्दीन तय्यबजी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन मुलाला तिथे पाठवलं.

ही सोसायटीसुद्धा मजेशीर. १८८३ मध्ये आठ हौशी मंडळींनी सुरू केलेली. पुढे तिचा संसार फोर्टमधल्या एका मद्यव्यापाऱ्याच्या ऑफिसात थाटला. म्हणजे बघा, हा मोठ्यांचा ऑफिसनंतरचा क्लबच! १९०८ मध्ये तिचे मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. मुलगा घाबरतच त्यांच्यासमोर उभा राहिला. मिलार्डनी चिमणी ओळखली, पण तेवढ्यावर त्याची बोळवण केली नाही. कपाटं उघडली. खण ओढून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याची कातडी जपून कशी ठेवायची, तेही शिकायची सोय केली.

तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, आणि १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवलं.

ही गोष्ट पक्षीप्रेमींना पाठ आहे. पण मला त्यातली एक गोष्ट सलते. सलीमचे मामा सभासद होते. खेतवाडीत त्या दिवशी आणखी किती पोरांना किती प्रश्न पडले असतील? त्यांच्या घरी चिठ्ठी लिहून देणारं कोण होतं?

माझ्या मते, शाळेतल्या निसर्ग क्लबचा सगळा इतिहास म्हणजे ती चिठ्ठी प्रत्येक पोराला मिळवून द्यायची धडपड आहे. सत्तरच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने शाळा-कॉलेजांतून निसर्ग मंडळं पसरवली. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने शाळांमध्ये पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. २००१ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना आली. एका शाळेत साधारण तीस ते पन्नास मुलांचा इको-क्लब, असं तिचं स्वरूप.

चिठ्ठी तर मिळाली. पण कपाट?

माझ्या शाळेत क्लब होता. जूनमध्ये रोप लावायचं, फोटो काढायचा. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप. मधल्या वर्षात पाणी कोणी घालायचं, हे ठरलेलंच नसायचं. एकदा व्हरांड्यातल्या वायरीला इवलंसं लोंबतं घरटं दिसलं. मी विचारलं, हे कोणाचं? उत्तर आलं, "हे परीक्षेला नाही." दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांनी झाडूने ते पाडलं. ते सूर्यपक्ष्याचं असावं, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं. म्हणजे एका प्रश्नाला दहा वर्षं!

आता शनिवारी संध्याकाळी सोसायटीतली आठ-दहा पोरं घेऊन मी मागच्या टेकडीवर जातो. मी काही जाणकार नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. परवा एका मुलीने आंब्यावरच्या लाल मुंग्यांचं घर बघून विचारलं, "दादा, ह्यांच्याकडे सुई-दोरा कुठंय?" मला येत नव्हतं. तसं सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून शोधलं. मुंग्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरतात, अळी रेशीम सोडते, आणि त्या रेशमाने पानं चिकटवतात. पोरं दहा मिनिटं गप्प! पुढच्या शनिवारी ती मुलगी वही घेऊन आली.

सलीम अलींच्या मामांनाही उत्तर येत नव्हतं, हे लक्षात घ्या. त्यांनी फक्त प्रश्न मरू दिला नाही. क्लबला तेवढं जमलं तरी पुष्कळ. बंदूक तर नकोच, आता मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागतं.

तुमच्या लहानपणी कोणी असं कपाट उघडलं होतं का? की घरटंच पाडलं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!